दुसऱ्या मंडपातला माइक

"बाई, माणूस कुठी हाय?"

माझ्या धंद्यातला हा पहिला प्रश्न. गाडी थांबते, मी उतरते, मागची फळी पाडून स्पीकर काढायला लागते आणि मंडपातला कोणीतरी येऊन विचारतो, साऊंडवाला माणूस कुठे आहे. जशी काही मी पेट्यांच्या बरोबर चुकून आलेलं सामान आहे. वीस वर्षं झाली, प्रश्न बदलला नाही आणि माझं उत्तरही बदललं नाही. "माणूस मीच हाय. बोला." हे मी असं सांगते की मंडपाच्या दुसऱ्या टोकाला गाद्या टाकणारेसुद्धा मान वर करतात.

मोठ्यानं बोलायची सवय लहानपणीच लागली. माझा बाप सावली गावात लग्नाकार्याला भोंगे लावायचा. तो खांबावर आणि मी खाली. डावीकडे वळवा, अजून वर घ्या, असं मी ओरडून सांगायचे. पुढे धंदा माझ्याकडे आला आणि कळलं की बाईनं नेमस्त आवाजात सांगितलेलं या धंद्यात कोणाच्या कानात शिरत नाही. मग मी ओरडतच राहिले. गावात गंमत करतात, या बाईले माइक कायले पायजे म्हणून. मला त्याचा अभिमान होता. तो अभिमान कसा अंगाशी आला ते लिहायला बसले आहे, आणि लिहितानाही माझं डोकं तापलेलं आहे.

काम अहेरीच्या पलीकडचं होतं. जंगलातल्या एका गावात, शाळेच्या मैदानावर खाणीची जनसुनावणी. कंपनीला तिथला डोंगर हवा होता. आजूबाजूच्या गावांचं म्हणणं साहेबांनी ऐकायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि रेकॉर्डवरून कागद तयार करून वर पाठवायचा. जे ऐकू आलं ते कागदावर जाणार, जे ऐकू आलं नाही ते जाणार नाही. डोंगराखालच्या लोकांना बोलायला तेवढा एक दिवस होता.

मंडप, खुर्च्या, जेवण आणि साऊंड असं सगळं मिळून एका ठेकेदारानं घेतलं होतं, त्यातला साऊंड माझ्याकडे. गेले तर मंडप दोन. एक मैदानात, साहेबांच्या टेबलासमोर, खुर्च्यांचा. दुसरा नाल्यापलीकडे आमराईत, नुसत्या सतरंज्यांचा. मधे साडेतीनशे मीटर. मी विचारलं, हे काय? ठेकेदार म्हणाला, "गर्दी एका जागी नको म्हणते. डोंगराखालचे लोक तिकडं बसतीन. तिकडून माइकवर बोलतीन, इकडं ऐकू यीन."

"म्हणजे ज्यायचा डोंगर ते नाल्यापलीकडं?"

"तुमी वायर टाका ना बाई. बाकीचं कायले पाहता?"

तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. पण एक गोष्ट पक्की होती. तिकडे बसवलं तर बसवलं, त्यांचा आवाज इकडे स्वच्छ पोचवायचा. ते माझं काम होतं आणि ते मला येतं.

साडेतीनशे मीटर ऐकायला काही वाटत नाही, पण आवाजाला ते फार आहे. बापाच्या काळात तांब्याची लांब तार टाकली की तारेत जनरेटरचा हुंकार शिरायचा आणि नवरदेवाच्या नावाआधी तोच ऐकू यायचा. आता मिक्सर डिजिटल झाले, आवाज नेटवर्कच्या केबलीतून आकडे होऊन जातो. हुंकार गेला, पण ती केबल शंभर मीटरपर्यंतच कामाची. त्यापुढे आवाज तुटतो, टकटक करतो, मरतो. वरोऱ्याच्या बाजारात एकदा मी मधे स्विचची डबी ठेवून दोन केबली जोडल्या होत्या. भाषण रंगात आलं आणि कोण्या शहाण्यानं डबीची पिन काढून तिथे आपला मोबाइल चार्जिंगला लावला. अर्धा बाजार मुका झाला आणि शिव्या मला. त्याच वर्षी मी फायबर घेतलं. काचेचा केसासारखा धागा, त्यातून प्रकाश जातो. दोन टोकांना आवाजाचा प्रकाश आणि प्रकाशाचा पुन्हा आवाज करणारे दोन कन्व्हर्टर, मधे वीज लागत नाही, जनरेटर शेजारी ठेवला तरी कुरकुर नाही. एकाच केबलीत दोन धागे असतात, एक जायचा आणि एक यायचा. साहेबांचा आवाज आमराईत जाणार, आमराईतला इकडे येणार. मला ते फार न्यायाचं वाटलं होतं.

ठेकेदाराला नाही वाटलं. "आहे त्याच वायरले वायर जोडून लांब करा ना," तो म्हणाला. मी त्याला शंभर मीटरचं सांगितलं. तो माझ्याकडे असं पाहत होता, जणू मीच ते शंभर मीटर ठरवले. मग त्याच्या माणसांनी फायबर उचललं आणि नाल्यावरच्या झाडाला चक्क गाठ मारून बांधलं. काच आहे हो आत! गाठ मारली की प्रकाश जाणार कुठून? मी जी बोंब मारली ती आमराईपर्यंत विनातार पोचली असेल. गाठ सोडवली, वाकण मोठं ठेवून केबल फांदीवरून घेतली. मैदानाच्या कडेला ट्रॅक्टरची वाट होती, तिथे स्वतः कुदळ घेऊन चर खणला आणि केबल पुरली. दुपारी त्याच केबलीला कोणी कंपनीचा फलक टांगत होतं. त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आमराईच्या टोकाला माझा लाइनमन होता. पन्नाशीचा, बापाच्या वेळेपासूनचा. अहेरीकडचाच, गोंडी त्याची घरची भाषा. मी त्याला भाऊ म्हणते. तिथे मोबाइलला रेंज नाही, म्हणून ठरवलं की कन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा पेटलेला असला की सगळं ठीक, विझला तर त्यानं पळत यायचं. संध्याकाळी मी स्वतः आमराईत गेले, माइकसमोर उभी राहिले आणि चाचणी केली. हॅलो. चेक. एक, दोन, तीन. माझा आवाज मैदानातल्या स्पीकरवर खणखणीत वाजला. पण त्याच्यामागे घरघर होती. आमराईतला जनरेटर माइकपासून फार जवळ ठेवला होता. साहेबांकडून आलेला माणूस म्हणाला, "ही घरघर उद्या चालणार नाही बाई, रेकॉर्डिंग खराब होईल."

बरोबर होतं त्याचं. जनरेटर हलवायला सांगितलं तर ठेकेदाराची माणसं जेवायला बसली होती. मग मी मैदानातल्या मिक्सरवर गेट लावला. गेट म्हणजे दारच. आपण एक पातळी ठरवायची. आवाज तिच्या वर गेला की दार उघडतं, खाली राहिला की बंद. ती पातळी मी ठरवली माझ्या आवाजावर. माझ्या हॅलोला दार उघडत होतं, घरघर बाहेर राहत होती. साहेबांचा माणूस खूश झाला. मीही झाले.

आणखी एक ठरवलं होतं. आमराईतला माइक आमराईतल्याच स्पीकरवर द्यायचा नाही, शिट्टी येते. म्हणजे तिथे बोलणाऱ्याला आपला आवाज पुढे गेला की नाही ते कळणार नव्हतं. ते फक्त मैदानात कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सुनावणी झाली. खुर्च्यांवरचे लोक भरपूर बोलले. एकेक जण उठायचा, माइक तोंडात घालायचा आणि आसपासच्या चार गावांना ऐकू जाईल असा ओरडायचा. रोजगार येईल, रस्ता येईल, दवाखाना येईल. माझ्या मिक्सरचे दिवे लाल होत होते. मग साहेब म्हणाले, आता दुसऱ्या मंडपातील ग्रामस्थांनी बोलावं.

मी आमराईचा माइक वर केला. काही नाही. साहेब थांबले. सगळे स्पीकरकडे तोंड करून बसले होते. काही नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं, कोणाला बोलायचं आहे का? मी दिवा पाहिला. कन्व्हर्टर हिरवा. माइकच्या पट्टीवर खाली बारीकसं काही हलत होतं. जनरेटर, मी म्हटलं. मी ते पाहिलं आणि मनात जनरेटर म्हटलं, हे मला कबूल करायलाच हवं. साहेबांनी बराच वेळ वाट पाहिली, माझ्या अंदाजापेक्षा जास्तच. मग ते टेबलावरच्या बाबूला म्हणाले, "दुसऱ्या मंडपातून कोणी बोलत नाही. नोंद घ्या."

थोड्या वेळानं आमराईतले लोक उठून जाताना दिसले. ओळीनं, न बोलता, झाडांमधून. आणि मला कोणाचा राग आला सांगू? त्यांचा. दोन दिवस मर मर करून तार ओढली, लोकांशी भांडले, चर खणला, आणि बोलायची वेळ आली तर यांच्या तोंडातून एक शब्द नाही! आता डोंगर गेला की रडतील, असं मी मनात म्हटलं. सामान भरताना भाऊही घुम्यासारखा होता. पेट्या आदळत होता. मी विचारलं नाही, तो बोलला नाही. अहेरीला उतरला, दोन दिवस घरी राहतो म्हणाला. आम्ही दोघंही रागात होतो आणि दोघांचे राग वेगळे होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा फोन आला, रेकॉर्डिंगची एक प्रत पेन ड्राइव्हवर द्या. साहेबांकडे गेलं ते स्पीकरवर वाजलेलं. माझ्या मिक्सरमध्ये मात्र प्रत्येक माइकचा कच्चा आवाज वेगळा साठतो, गेटच्या आधीचा, जसा आला तसा. दुकानात बसून मी एकेक माइक तपासत होते. नऊ नंबर आमराईचा. रिकामा असेल म्हणून पुसायला निघाले होते, पण पडद्यावर बारीक रेघ दिसली. कानाला हेडफोन लावला.

जनरेटरच्या घरघरीत एक म्हातारी बाई बोलत होती. हळू. चुलीपाशी बसून लेकीशी बोलावं तेवढं हळू. गोंडी बाई, पण साहेबाला समजावं म्हणून जपून जपून मराठीत.

"साहेब, मी बसूनच सांगून राह्यली. आमच्यात असंच सांगते. त्या डोंगरावर आमचे मोहाचे झाडं हायेत. कोणतं झाड कोणाच्या घरचं ते आमाले ठाऊक हाय, कागदावर नाई. मांगच्या अंगाले झरा हाय, तो उन्हाळ्यात आटत नाई. आमचा देव तिथी हाय. त्याले दुसरीकडं नेता येत नाई. आमच्या मेलेल्या माणसाईचे दगड तिथी हायेत. माझ्या माणसाचा दगड मीच उभा केला. हे लिहून घ्या. झाडाचं बी लिहा, झऱ्याचं बी लिहा."

ती एकेक जागा सांगत होती. कोणी मधे बोलत नव्हतं, खाकरत नव्हतं. मागून, दूरच्या स्पीकरमधून, साहेबांनी पुन्हा विचारलं तरी ती सांगतच राहिली. मग तोच आवाज आला. कोणी बोलत नाही. नोंद घ्या.

म्हातारी थांबली. नुसती घरघर. मग तिनं बाजूच्या लोकांना विचारलं, मराठीतच, अजून साहेबाशीच बोलत असल्यासारखं.

"मी बोलून राह्यली नाई काय?"

हेडफोन काढून मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती ओतायला समोर कोणी नव्हतं. ठेकेदार नाही, साहेब नाही, कंपनी नाही. साहेबांना खरंच काही ऐकू आलं नव्हतं. फायबरनं आपलं काम केलं होतं, साडेतीनशे मीटर, एक अक्षर न सांडता. आवाज माझ्या मिक्सरपर्यंत आला होता आणि मी लावलेल्या दाराशी थांबला होता.

भाऊला अहेरीला फोन लावला. "तुमी तिथी होते ना? बाई बोलून राह्यली होती ना? मंग पळत काऊन नाई आले?"

"कायले येऊ?" तो म्हणाला. "दिवा हिरवा होता. मले वाटलं साहेब ऐकून बी लबाडी करून राह्यला. सगळ्याईले तसंच वाटलं. म्हणून तर उठून गेले."

"साहेबाले आवाज जातच नव्हता, भाऊ. मी बंद करून ठेवला होता."

मग त्यानं मला समजावलं, आणि समजावलं म्हणजे चांगलंच सुनावलं. त्यांच्या ग्रामसभेत सगळे गोल बसतात. एक जण बोलायला लागला की बाकीचे गप्प होतात, त्याचं संपेपर्यंत. म्हणून कोणाला ओरडावं लागत नाही. ओरडणाऱ्याला उलट विचारतात, तुझी तब्येत बरी आहे ना? "तुमी चाचणी केली तवाच मी म्हणणार होतो," तो म्हणाला, "का बाई, असं इथी कोणी बोलत नाई. पण तुमी ऐकता कोणाचं?"

हेही खरंच होतं.

मी पेन ड्राइव्ह घेऊन साहेबांच्या कार्यालयात गेले. बाबू म्हणाला, कागद वर गेला. त्यात दुसऱ्या मंडपातून कोणी बोललं नाही असं लिहिलं आहे. बदलायचं तर चूक कोणाची ते लेखी द्या, तेही साहेबांनी मान्य केलं तर. बाहेर ठेकेदार भेटला. "काऊन अंगावर घेता बाई? कोणी विचारून राह्यलं काय तुमाले? तांत्रिक अडचण म्हणा आन मोकळ्या व्हा. लेखी दिलं तर पुन्हा सरकारी मंडपात कोणी उभं करणार नाई तुमाले."

तांत्रिक अडचण! या शब्दांची मला चीड आहे. अडचण यंत्राला नव्हती. अडचण मला होती. मला असं वाटत होतं की ज्याला खरंच काही सांगायचं आहे तो माझ्यासारखाच ओरडेल. मी जन्मभर पुरुषांवर चिडत आले की हे हळू बोलणाऱ्या बाईचं ऐकत नाहीत, आणि मी काय केलं? आकडा ठरवून, बटण दाबून तेच केलं.

लेखी द्यायच्या आधी मला त्या गावात जायचं होतं. एक छोटा स्पीकर घेऊन भाऊसोबत गेले. ग्रामसभा भरली, झाडाखाली, गोल. मी उभी राहून सांगायला लागले तर भाऊनं पदराला हात न लावताच नुसत्या डोळ्यांनी मला खाली बसवलं. मी रेकॉर्डिंग लावलं. म्हातारी समोरच होती. अगदी बारकी, हातावर गोंदण. आपलाच आवाज ती मान खाली घालून ऐकत होती. ती ओळ आली. मी बोलून राह्यली नाई काय? कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी सांगितलं, साहेबानं ऐकलं नाही कारण मी आवाज अडवला होता. चूक माझी. भाऊनं ते गोंडीत सांगितलं. म्हातारीनं मान वर केली. मला वाटलं शिवी देईल. मला ती हवी होती.

"हे आमाले काऊन सांगून राह्यली?" ती म्हणाली. "आमाले तर ठाऊक हाय मी बोलली. ज्याले ठाऊक नाई त्याले सांग. तुझा आवाज मोठा हाय म्हणते."

भाऊशिवाय हे तिला कोण सांगणार? तो दुसरीकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात अर्ज घेऊन गेले. बाबूनं तो घेतला, वाचला नाही, शिक्का शोधायला लागला. खोलीत आठ-दहा टेबलं होती. मी अर्ज त्याच्या हातातून परत घेतला आणि उभी राहून वाचायला लागले. दुसऱ्या मंडपातून एक बाई बोलत होती. तिनं डोंगरावरची झाडं, झरा, देव आणि आपल्या माणसांचे दगड सांगितले. तो आवाज यंत्रापर्यंत आला होता. तो मी अडवला. कागदावर कोणी बोललं नाही असं लिहिलं आहे, ते खोटं आहे. आवाज सोबत जोडला आहे.

पंखे फिरत होते. माना वर झाल्या. आतल्या खोलीचं दार उघडून कोणी बाहेर डोकावलं.

"हळू बोला ना बाई," बाबू म्हणाला, "ऐकू येऊन राह्यलं सगळ्याईले."

"नाई बोलत हळू," मी म्हटलं, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.